पहाऱ्यावरची बुजगावणी

सारंग म्हणजे जहाजावरच्या खलाशांचा मुकादम. दोर, साखळ्या, रंगाचे डबे आणि माणसं, या सगळ्यांचा गुंता त्याने सोडवायचा. या गोष्टीतल्या सारंगाने एकतीस वर्षं तेच केलं होतं, आणि त्यातली शेवटची नऊ एकाच जहाजावर. जहाजाला कागदोपत्री भारदस्त नाव होतं, पण खलाशी त्याला 'म्हातारी' म्हणत. जरा लाट आली की ते कण्हायचं. मालकांनी त्याची तळसफाई दोनदा पुढे ढकलली होती. बुडाला शिंपल्यांचा आणि शेवाळाचा असा थर बसला होता की इंजिनाने जीव तोडला तरी ताशी अकरा मैलांच्या वर म्हातारी काही जायची नाही.

एरवी अकरा मैल पुरतात. पण म्हातारीच्या वाटेत समुद्राचा एक पट्टा होता, जिथे लहान होड्यांतून चाचे यायचे, शिडी लावून चढायचे आणि जहाज माणसांसकट आपल्या किनाऱ्याला नेऊन खंडणी मागायचे. तो पट्टा टाळायचा तर पंधरा दिवसांचा वळसा. टाळायचा नसेल तर चार बंदूकवाले पहारेकरी सोबत घ्यायचे. गेली चार वर्षं म्हातारी पहारेकरी घेऊनच जात होती. ते एका बंदरात चढत, भरपूर जेवत, पत्ते खेळत आणि पुढच्या बंदरात उतरून जात. त्यांनी कधी एक गोळी झाडली नव्हती. झाडावी लागली नव्हती.

त्या वर्षी भाडी पडली. जहाजं उदंड आणि माल थोडा, अशी गत झाली. मग एका सकाळी ऑफिसातून पत्र आलं आणि कप्तानाने जेवणाच्या खोलीत सगळ्यांना वाचून दाखवलं. कप्तान हळू बोलणारा माणूस. नको ते सांगायची वेळ आली की चष्मा काढून पुसायचा. त्या दिवशी त्याने तो तीनदा पुसला.

"या फेरीला पहारेकरी येणार नाहीत," तो म्हणाला. "वळसाही घालायचा नाही. ऑफिसचं म्हणणं, आठ महिन्यांत त्या पाण्यात काही घडलेलं नाही. आपण कठड्याला काटेरी तार लावायची, पाण्याचे पाइप जोरात सोडून ठेवायचे, आणि..." पुढचं त्याने जसंच्या तसं वाचलं, "'प्रत्यक्ष पहारा शक्य नसल्यास पहाऱ्याचा भास निर्माण करावा.'"

"म्हणजे काय करायचं?" भंडाऱ्याने, म्हणजे जहाजाच्या स्वयंपाक्याने विचारलं.

"बुजगावणी. जुन्या कपड्यांची माणसं करून कठड्याला उभी करायची."

कोणीतरी फिस्सकन हसलं आणि मग सगळेच हसले. हसणार नाहीत तर काय करतील?

"ज्याला यायचं नसेल त्याला पुढच्या बंदरात उतरता येईल," कप्तान म्हणाला. "तिकीट कंपनीचं. जे येतील त्यांनी मर्जीने येतोय म्हणून इथे सही करायची. त्या पट्ट्यातल्या दिवसांचा पगार दुप्पट."

कागद टेबलावरून फिरू लागला. सगळं नियमात बसत होतं. फक्त जो उतरतो त्याचा फोन पुढच्या वर्षी वाजत नाही, हे बावीसच्या बावीस जणांना ठाऊक होतं. सारंगाने पेन हातात घेऊन जरा वेळ नुसतंच धरलं. निवृत्तीला तीन वर्षं उरली होती. घरी बायको होती, एकुलती एक लेक वर्षापूर्वीच उजवली होती, आणि जावई याच कंपनीच्या दुसऱ्या जहाजावर सुकाणू धरत होता. शिवाय ज्याच्या हाताखाली दहा माणसं, त्याने सगळ्यांच्या आधी उतरायचं कसं? त्याने सही केली. मर्जी कागदावर होती, पोटात नव्हती.

एकदा काम अंगावर आलं की ते नीटच करायचं, ही सारंगाची खोड होती. त्याने फाटके बॉयलर सूट गोळा केले, चिंध्या आणि जुन्या दोरांचे तुकडे ठासून भरले आणि जाड सुईने स्वतः शिवले. डोक्याला प्लास्टिकचे डबे, वर हेल्मेट. बंदुकीच्या जागी काळा रंग दिलेले पाइप. पहिलं बुजगावणं उभं राहिलं तेव्हा तो चार पावलं मागे गेला, डोकं खाजवलं आणि म्हणाला, "हे मेलं फोटो काढायला उभं राहिल्यासारखं दिसतंय."

"मग कसं हवं?" भंडारी म्हणाला.

"पहारेकरी कधी ताठ उभा असतो का रे? तीन तासांनी पाय मोडायला लागतात. एका पायावर भार टाकतो, कठड्याला कोपर टेकतो."

त्याने एकाला रेलवलं, एकाला बसवलं, दोघांना गप्पा मारत असल्यासारखे समोरासमोर केले. प्रत्येकाच्या खांद्याला बारीक दोर बांधून तो वर ब्रिजपर्यंत, म्हणजे जहाज चालवायच्या खोलीपर्यंत नेला. दोर ओढला की खांदा हलायचा. दर दोन तासांनी जागा बदलायच्या, म्हणजे दुरून बघणाऱ्याला पाळी बदलल्यासारखी वाटावी. अशी सात बुजगावणी झाली. खलाशांनी एकाला 'मालक' नाव दिलं, कारण पोट जरा जास्त भरलं गेलं होतं. दुसरा 'विमा', तो कायम पाठ करून उभा. भंडारी येता-जाता मालकाला विचारायचा, "काय शेठ, जेवलात का? नाही? बरं, वाचलं." इंजिनाचा मिस्त्री म्हणाला, "एवढे शहाणे कामगार मी बघितले नाहीत. पगार नको, रजा नको."

पट्ट्यातला पहिला दिवस सुना गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी मागून एक लहान निळं जहाज दिसू लागलं. तीन-चार मैल मागे असेल. त्याच्या कप्तानाने रेडिओवरून रामराम केला. मोकळा माणूस होता. म्हणाला, "तुमच्याकडे बरेच पहारेकरी दिसतात हो दुर्बिणीतून! आमच्याकडे एकही नाही. जरा हळू चला, तुमच्या सावलीत येतो." म्हातारीच्या कप्तानाने सारंगाकडे पाहिलं. रेडिओ सगळं जग ऐकतं. खरं सांगायची सोय नव्हती. "या, या," एवढंच तो म्हणाला.

दुपारी चारच्या सुमाराला उन्हाच्या बाजूने दोन होड्या आल्या. एकेकीत सहा-सात माणसं. पहिलीत आडवी टाकलेली लांब शिडी नुसत्या डोळ्यांनी दिसत होती. कप्तानाने भोंगा वाजवला, खाली इंजिनवाल्यांना होतं नव्हतं ते सगळं द्यायला सांगितलं, आणि सुकाणूवाला व सारंग सोडून बाकीच्यांना तळाच्या लोखंडी दाराच्या खोलीत पाठवलं. खलाशी त्या खोलीला 'बीळ' म्हणत.

सारंग ब्रिजच्या बाहेर दोर धरून गुडघ्यांवर बसला. एकेक दोर ओढत होता, सोडत होता. खाली मालक अंग हलवत होता, रेललेला खांदा उडवत होता. होड्या अर्ध्या मैलावर आल्या. पहिल्या होडीत डोक्याला पिवळं फडकं बांधलेला एक माणूस उभा राहून दुर्बिणीने बघत होता. किती वेळ? सारंगाला वाटलं, तास झाला. कप्तानाने नंतर सांगितलं, सात मिनिटं. सारंगाच्या तळहातांना घाम सुटला होता, दोर निसटत होता, आणि त्याच्या मनात एकच: वारा पडू दे, हेल्मेट उडून डबा दिसायला नको.

पिवळ्या फडक्याने हात केला. होड्या वळल्या.

सुकाणूवाल्याने "वाचलो!" म्हणून टाळी दिली. सारंगाने दोर सोडले आणि उभा राहून होड्या कुठे जातात ते पाहिलं. त्या परत किनाऱ्याकडे जात नव्हत्या. मागे जात होत्या.

मग रेडिओ बोलू लागला. सकाळचाच आवाज, पण हसू गेलेलं. होड्या माझ्याकडे येतायत. शिडी लावतायत. कोणी आहे का जवळ? पुढच्या जहाजा, तुमचे पहारेकरी गोळी झाडू शकतील का? हवेत झाडा, नुसता आवाज करा.

कप्तानाच्या हातात माइक होता. त्याने तो तोंडाशी नेला, खाली आणला. तोवर ऑफिसचा फोन आला. होड्यांची खबर तिथे आधीच गेली होती. वेग कमी करू नका, वळू नका, काहीही झालं तरी वळू नका. ऑफिसने सांगितलं नसतं तरी काय केलं असतं? पाइपांच्या सात बंदुका घेऊन मागे जायचं? सगळ्यात जवळची युद्धनौका सहा तासांवर होती. कप्तानाने तिला कळवलं, मग माइकवर म्हणाला, "तुमचं ऐकू येतंय. युद्धनौकेला कळवलंय. सगळ्यांना घेऊन आत जा, दार लावून घ्या."

"दार नाहीये आमच्याकडे," पलीकडचा म्हणाला. "तुम्ही येताय का?"

कप्तानाने चष्मा काढला. पुसला नाही, नुसता हातात धरून उभा राहिला.

आवाज आणखी दहा-बारा मिनिटं येत राहिला. मग काच फुटल्यासारखं काहीतरी आलं, कोणीतरी परक्या भाषेत ओरडलं, आणि मग नुसती खरखर. बिळातली माणसं वर आली तेव्हा भंडारी सारंगाला मिठी मारायला धावला. सारंग म्हणाला, "थांब." एवढंच म्हणाला. त्याच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली होती आणि ती पुढे कधी हलली नाही: आपण कुत्र्याला हाकललं नाही, शेजारच्या दाराकडे वळवलं.

बंदरात पोचल्यावर कंपनीकडून बक्षीस आलं. एक शिफारसपत्र आणि सारंगाच्या नावाने महिन्याचा जादा पगार. रजेवर घरी आल्यावर आठवड्यातच ऑफिसातून बोलावणं. कुठलं जहाज कुठून जायचं, काय खर्च करायचा, हे ठरवणारे साहेब चौथ्या मजल्यावर बसत. खिडकीतून गाड्या लावायची जागा दिसत होती. साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी उठून खुर्ची दिली, कागदी कपात चहा मागवला, घरच्यांची चौकशी केली.

"तुम्ही कमाल केलीत," ते म्हणाले. "आता आपल्या पाचही जहाजांवर हेच करायचं ठरलंय. पहारेकरी बंद."

सारंगाने कप खाली ठेवला. वाटेत त्याने काय बोलायचं ते घोकलं होतं, ते सगळं गेलं. "साहेब, ते बुजगावण्यांना भ्याले नाहीत. मागचं जहाज आमच्याहून सोपं होतं, म्हणून तिकडे गेले."

"म्हणजे तुम्ही अवघड झालात. तेच तर हवं होतं ना?"

"पण मागे कोणी नसतं तर?"

"समुद्रात मागे कोणी ना कोणी असतंच," साहेब म्हणाले, आणि आपणच बोललेलं त्यांना फारसं आवडलं नसावं, कारण ते लगेच पुढे सरकून म्हणाले, "हे बघा, मला काय हौस आहे का? एका फेरीच्या पहाऱ्याला जे जातं तेवढंसुद्धा आता त्या फेरीत उरत नाही. आपण भाडं वाढवलं तर माल दुसरा उचलतो. तो पहारेकरी ठेवतो का? नाही ठेवत. जहाजं नांगरून ठेवली तर तुमचे शंभरेक लोक घरी बसतील. तुम्ही सांगा, मी काय करू?"

सारंगाला राग यायला हवा होता. त्याऐवजी जहाज बांधायला टाकलेला दोर मोकळाच हातात यावा तसं झालं. ओढायला पलीकडे काही नाहीच.

"बाकीच्या चार सारंगांना तुम्ही शिकवा," साहेब म्हणाले. "एक दिवसाचं काम आहे."

नाही म्हणता आलं असतं. पण नाही म्हटल्याने पहारेकरी परत येणार नव्हते. बुजगावणी होणारच होती, आणि वेडीवाकडी झाली तर त्यामागची माणसं मरणार होती. असा हिशेब सारंगाने बसल्या बसल्या केला आणि हो म्हणाला. पुढे कित्येकदा त्याने तो हिशेब पुन्हा करून पाहिला. चूक सापडायची नाही आणि बरोबरही वाटायचा नाही.

कंपनीच्या गोदामात त्याने दिवसभर शिकवलं. भरायचं कसं, शिवायचं कसं, रेलवायचं कसं. त्यात जावईही आला होता. त्याच्या जहाजाला खलाशी 'धाकटी' म्हणत. म्हातारीच्याच घडणीचं, दोन वर्षांनी लहान आणि तितकंच हळू. धाकटीचा सारंग आजारी म्हणून जावयालाच पाठवलं होतं. संध्याकाळी सगळे पांगल्यावर सारंगाने त्याला बाजूला घेतलं.

"जावईबापू, माझं ऐका. या फेरीला उतरून जा."

"का? तुमच्या हातचं काम आहे, आणि मीच भिऊ?" जावई हसला.

"थट्टा नाही करत. त्यात काही राम नाही. आम्ही वाचलो ते दुसऱ्याच्या जिवावर."

जावयाचं हसू ओसरलं. तो चिंध्यांच्या ढिगाकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "तुम्ही उतरलात का, बाबा?"

झालं. जावयाने घर घेतलं होतं, तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या, आणि लेकीला पाचवा महिना होता. सारंग कुठल्या तोंडाने सांगणार होता, तुम्ही पोट बाजूला ठेवा?

धाकटी निघाली त्या आठवड्यात सारंग लेकीकडे गेला. ती फरशीवर बसून बाळाच्या दुपट्यांच्या घड्या घालत होती. म्हणाली, "बाबा, मागे हे त्या पाण्यात असले की मला घास उतरायचा नाही. आता तसं होत नाही बघा. तुमची बुजगावणी आहेत ना त्यांच्या जहाजावर?"

सारंग खरं सांगायला निघालाच होता. पण लेकीचा चेहरा इतका निवांत होता. गरोदरपणाच्या दिवसांत तिच्या मनात भीती घालून काय साधणार होतं? तिने थांबवावं तर जहाज केव्हाच सुटलं होतं.

"आहेत," तो म्हणाला.

"मग मी निर्धास्त आहे."

घरी येऊन त्याने बायकोलाही सांगितलं नाही. बायकोने विचारलं, "अहो, जेवत का नाही?" तो म्हणाला, पोट ठीक नाही. एकतीस वर्षांत वादळांत पोट बिघडलं नाही, ते आता कसं बिघडलं, असं पुटपुटत तिने ताट उचललं.

धाकटी सुखरूप पार झाली. परतीलाही झाली. बाकीची तीनही जहाजं झाली. साहेबांचा फोन आला, "बघितलंत?" दर फेरीगणिक सारंग ऑफिसच्या लेखी जास्त जास्त खोटा पडत होता, आणि त्याची झोप तेवढीच कमी होत होती. आपलंच चुकलेलं निघावं, असं त्याला फार फार वाटत होतं. लेकीला मुलगी झाली. जावई दहा दिवस घरी राहून गेला, मुलीच्या बोटात बोट अडकवून बसायचा. तो गेला, आणि धाकटी पुन्हा त्या पाण्यात शिरली.

सकाळी दहा वाजता सारंग नातीला मांडीवर घेऊन बसला होता तेव्हा लेकीचा फोन वाजला. ती "हो, बोलतेय," म्हणाली, पलीकडचं ऐकलं. फोन सारंगाच्या हातात देऊन ती भिंतीला टेकून खाली बसली. पलीकडे साहेबच होते. जहाज ताब्यात गेलं आहे. माणसं जिवंत आहेत, एवढं कळलंय.

"मागे कोणी होतं का?" सारंगाने विचारलं.

"काय?"

"धाकटीच्या मागे. दुसरं जहाज."

"नव्हतं," साहेब म्हणाले.

सात महिने आणि अकरा दिवस. सारंगाने म्हातारीवर परत जायचं बोलावणं नाकारलं आणि दर सोमवारी चौथ्या मजल्यावर जाऊन बसू लागला. सुरुवातीला चहा यायचा. पुढे साहेब मीटिंगमध्ये असत. एकदा ते स्वतः बाहेर आले. दाढी वाढलेली, डोळे तांबारलेले. म्हणाले, "बोलणी चालू आहेत. घाई केली तर ते रक्कम वाढवतात, सल्लागार सांगतात थांबा. मला रोज इथे उत्तर द्यावं लागतंय. मी काय करू सांगा." सारंगाने हाच प्रश्न आधीही ऐकला होता. त्याने मान हलवली आणि खाली आला. धाकटीवर इंजिनातला एक मधुमेही मिस्त्री होता. पाचव्या महिन्यात औषधावाचून तो गेला. त्याची बायको ऑफिसच्या जिन्यात रडत होती. सारंगाने तिला पाणी आणून दिलं, आणि ती म्हणाली, "दादा, देव तुमचं भलं करो." त्या दिवसानंतर जहाज सुटेपर्यंत तो ऑफिसात गेला नाही. फोनवर विचारायचा.

लेक या सगळ्यात एकदाही आपल्या बापाला काही बोलली नाही. ती मुलीला भरवायची, न्हाऊ घालायची, फोन जवळ ठेवून झोपायची. बुजगावण्यांचं नाव काढत नव्हती. सारंगाला वाटायचं, हिने एकदा तरी मला वाट्टेल ते बोलावं.

खंडणी पोचली, जहाज सुटलं, आणि एका दुपारी जावई जिना चढून वर आला. वाळला होता. मुलीने त्याला ओळखलं नाही, रडून आजीला चिकटली. पहिले काही दिवस तो दाराकडे तोंड करूनच बसायचा आणि ताटातला शेवटचा कण बोटाने पुसून खायचा. कोणी काही विचारत नव्हतं. बाराव्या दिवशी सारंग भेटायला गेला तेव्हा जावई आपण होऊनच बोलू लागला.

"पहिला जो वर चढला ना, बाबा, तो सरळ बुजगावण्यापाशी गेला. हसला. त्याच्या गळ्यात हात टाकला आणि हेल्मेट काढून स्वतः घातलं. त्यांना केव्हाच कळलेलं होतं. म्हणाला, 'गेल्या वर्षापासून सगळ्याच जहाजांवर हे असतात.' सगळ्याच कंपन्यांनी शिकून घेतलं ना. शिवण मात्र तुम्ही शिकवलीत तशी पक्की होती. एकही उसवलं नाही."

सारंग खाली बघत होता.

"तुम्हाला माहीत होतं. गोदामात तुम्ही सांगितलंत. मी ऐकलं नाही."

"सांगितलं," सारंग म्हणाला, "पण सांगता सांगता शिकवलंही. दोन्ही एकाच दिवशी."

आतल्या खोलीतून कपडे झटकून घड्या घालण्याचा आवाज येत होता, तो बंद झाला. लेक दारात येऊन उभी राहिली. "आणि मला?" तिने विचारलं. "मी विचारलं तेव्हा तुम्ही आहेत म्हणालात."

"तुला काय सांगणार होतो? सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस?"

लेकीने विचार केला. खरंच विचार केला. उत्तर सापडतं का ते ती बघत होती, आणि सापडलं नाही हे तिच्या चेहऱ्यावर दिसलं.

"काही नाही," ती म्हणाली. "दोघं मिळून घाबरलो असतो." मग ती रडू लागली. सात महिन्यांत सारंगाने तिला पहिल्यांदाच रडताना पाहिलं. जावई उठला, त्याला काय करावं सुचेना, तो पुन्हा बसला.

पुढचं थोडक्यात. जावई परत समुद्रावर गेला नाही. त्याने एका वखारीत नोंदणीचं काम धरलं. पगार निम्मा. घराच्या दोन खोल्यांतली एक भाड्याने द्यावी लागली. कंपनीने वर्षभर सगळ्या जहाजांवर पहारेकरी ठेवले, मग भाडी पुन्हा पडली. साहेब नोकरी सोडून गेले, की त्यांना काढलं, कोणाला नक्की माहीत नाही. त्यांच्या जागी आलेल्या बाईंनीही सारंगाला बसायला खुर्ची दिली.

जावयाचा पगार निम्मा झाल्यावर सारंगाला घरी बसून भागणार नव्हतं. म्हातारीवर जागा रिकामी होती. ऑफिसातून फोन आला तेव्हा त्याने विचारलं, "पहारेकरी?"

"अजून ठरलेलं नाही," पलीकडची पोरगी म्हणाली. "तुम्हाला यायचंय का?"

त्याने हो म्हटलं. संध्याकाळी तो लेकीकडे गेला, जावयालाही समोर बसवलं आणि सगळं सांगितलं: कुठून जाणार, किती दिवस त्या पाण्यात असणार, पहारा असण्याची आशा किती कमी, म्हातारीचा वेग अजून तोच. लेक मध्येमध्ये विचारत होती, तो उत्तर देत होता. शेवटी लेकीने भिंतीवरचं कॅलेंडर काढून आणलं, फरशीवर पसरलं आणि म्हणाली, "नीट दाखवा. कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत?"

सारंग वाकला आणि बोट ठेवून एकेक दिवस दाखवू लागला.